दुपारची गोळी

(धाराशिवमधला डोळ्यांचा दवाखाना. बाहेरच्या बाकड्यावर प्रतीक्षा, डोळ्यांत थेंब घालून बसवलेली. शेजारी तिच्या सासूबाई शारदाबाई. दोघी सकाळच्या एसटीनं तुळजापूरहून आल्यात; घर देवीच्या पुजाऱ्यांचं. डॉक्टरांनी एकदा तपासलंय. आता पडद्याचा फोटो बघून ते पुन्हा आत बोलावणार आहेत.)

शारदा: मिटून बस म्हणाली ना ती नर्स? मग सारखं किलकिलं करून काय बघतेस?

प्रतीक्षा: मिटले की जास्त भीती वाटते, आई. उघडे असले की निदान कळतं तरी, किती गेलंय ते.

शारदा: गेलं-बिलं काही बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणते.

प्रतीक्षा: ही दवाखान्याची वास्तू आहे. इथं सगळे हेच बोलत असतील.

शारदा: फोडणीचा धूर बसला असेल गं. नाहीतर उष्णता. घरी गेलो की तळपायाला गाईचं तूप चोळते, काशाच्या वाटीनं. रात्रीतून उतरेल.

प्रतीक्षा: धूर एकाच डोळ्यात बसतो का? उजवा झाकला की तुम्ही मला कमरेपासून वरच दिसता. खाली नुसतं गढूळ. चहा गाळल्यावर चोथा पसरतो ना, तसं. आणि मी जिकडं बघते तिकडं ते माझ्याबरोबर येतं.

शारदा: आणि हे तू नवमीला कळूनसुद्धा आज सांगतेस! इतके दिवस कशी गं गप्प बसलीस?

प्रतीक्षा: नवमीला आजेसासूबाईंचं श्राद्ध होतं. गुरुजी यायचे होते. मी सुपात तांदूळ निवडत होते, उजव्या डोळ्यात कोंडा उडाला म्हणून तो चोळायला लागले, तर सुपातले तांदूळ अर्धेच. आधी वाटलं सांडले. खाली हात फिरवून बघितला. काहीच नव्हतं सांडलेलं. तेव्हा काय करायला पाहिजे होतं मी? ओरडायचं? स्वैपाक तर व्हायचाच होता.

शारदा: मला हळूच सांगायचं.

प्रतीक्षा: तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, वाढणं होऊ दे, मग बघू.

शारदा: म्हणाले असते, खरं आहे. पण मग रात्री तरी आणलं असतं.

प्रतीक्षा: आई, मला पूर्ण दिसेनासं झालं तर?

शारदा: गप बस. देवी आहे की डोक्यावर.

प्रतीक्षा: देवी निद्रेला गेलीय. घटस्थापनेला सिंहासनावर येणार. तोवर हाक तरी कुणाला मारायची?

शारदा: निजलेल्या आईला लेकराचं रडणं ऐकू येत नाही का? काहीतरीच बोलतेस. थांब, वाजले किती बघू. दीड होत आला. तोंड उघड.

प्रतीक्षा: काय आहे?

शारदा: दुपारची. पिशवीत टाकून आणलीय. बाटलीत पाणीही आहे घरचं. घे पटकन.

प्रतीक्षा: नको.

शारदा: नको काय? चुकली म्हणजे पंचाईत. गेल्या वर्षी गौरीच्या वेळी तू एक विसरलीस आणि महालक्ष्म्या जेवायला बसल्यावर काय झालं ते आठवतंय ना? सगळा स्वैपाक मला अंघोळ करून पुन्हा करावा लागला. गुडघे महिनाभर बोलत होते माझे.

प्रतीक्षा: आठवतंय. म्हणून तर तेव्हापासून गजर लावते. पण आई, मघाशी डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत का.

शारदा: मग मी सांगितलं की. नाहीत म्हणून.

प्रतीक्षा: ही गोळीच ना?

शारदा: अगं, ही का औषध आहे? औषध आजारपणाला घेतात. तुला काय आजार आहे? ही आपली सोयीची. आणि त्यांनी विचारलं ते पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं. मी म्हटलं, दोन्ही पोरांनंतर ऑपरेशन झालंय, तसलं काही लागत नाही. यात खोटं काय बोलले मी?

प्रतीक्षा: खोटं नाही. पण ते असंही म्हणाले की काही गोळ्यांनी रक्त दाट होतं, गाठ धरतं. तुम्ही तेव्हा पिशवीत चष्मा शोधत होतात.

शारदा: ऐकलं मी. सगळ्या गावच्या बायका घेतात ही. आपल्या आळीत तर गौरी आल्या, नवरात्र आलं की मेडिकलवाला न विचारता पाकीट काढून देतो. कुणाचा डोळा बिघडला? द्वारकाबाईंच्या घरात तीन सुना, तिघी घेतात. ठणठणीत आहेत.

प्रतीक्षा: त्यांचं BP बघितलंय का कुणी?

शारदा: तुझं तरी कुठं होतं? आज इथं घाबरलीस म्हणून चढलं.

प्रतीक्षा: दीडशेच्या वर पुष्कळ होतं, आई. दोनदा घेतलं त्यांनी. श्रावणापासून सकाळी उठले की डोकं जड असतं, आपण पित्त म्हणून आवळा सुपारी खात बसलो. माझ्या आईलाही होतं BP.

शारदा: मग झालं तर. आईचं लेकीकडं आलं. गोळीवर कशाला ढकलतेस?

प्रतीक्षा: ढकलत नाही. विचारतेय फक्त. विचारू तरी द्या. मला भीती वाटतेय, आणि तुम्ही मला तीच गोळी घे म्हणताय.

शारदा: बरं बाई, नको घेऊस आता. पाच मिनिटांनी घे. आत जाऊन आलो की घे. पण घे. अगं, घरात सोवळ्यात उभं राहणारी तू एकटी. मोठी सून पुण्याला, ती ललितापंचमीला गाडीतून उतरणार आणि अष्टमीला चढणार. पूजेला येणारे यजमान काही आपली वाट बघत थांबत नाहीत, शेजारच्या घरी गेले की कायमचे गेले. ह्यांच्या वडिलांपासूनचे सोलापूरचे यजमान आहेत. नैवेद्याचं ताट आपल्याकडून चुकलं तर मी देवीपुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?

प्रतीक्षा: तुमच्या वेळी काय करत होतात? गोळ्या नव्हत्या तेव्हा.

शारदा: तेव्हा घरात सात बायका होत्या. एक बाजूला बसली तर सहा होत्या. मी न्हाणीघरापाशी बसून चार दिवस वाती वळायची. आराम होता खरं तर. आता ते म्हटलं तर तुम्हाला वाटेल, म्हातारी खुळी आहे.

प्रतीक्षा: नाही वाटत. मला तर वाटतं, मलाही कधीतरी चार दिवस बसू द्यावं कुणीतरी. ते पाकीट इकडं द्या.

शारदा: कशाला? वाचता येणार आहे का तुला आता?

प्रतीक्षा: अक्षरं नाही दिसत. सगळं पांढरं फटक झालंय. द्या तरी. नाव तरी डॉक्टरांना दाखवता येईल.

शारदा: सगळ्या जगाला दाखवत फिर. बाप्यामाणसाला काय दाखवायचं त्यात? घे.

प्रतीक्षा: ही परवा फोडलेलीच पट्टी ना?

शारदा: तीच.

प्रतीक्षा: मग इतकी भोकं कशी लागतायत बोटाला?

शारदा: पडली असेल एखादी पिशवीत.

प्रतीक्षा: एखादी नाही. ही रांग पूर्ण मोकळी, आणि खालचीत एकच उरलीय. मी परवा रात्री सुरू केली, आई. माझ्या पाचच झाल्यात.

शारदा: हळू बोल. समोरची माणसं बघतायत.

प्रतीक्षा: मला दिसत नाहीत ती. कोण घेतंय अजून? तुमचं तर थांबून वर्षं झाली. कुणाला दिल्या?

शारदा: प्रतीक्षा, ऐक आधी.

प्रतीक्षा: माझ्या अक्षराला?

शारदा: अगं, परवा मी तुला बघितलं. कढईत फोडणी टाकताना तुझा हात कढईच्या बाहेर गेला. तेल ओट्यावर. मी ओटा पुसून घेतला. म्हटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. तेव्हाच मी ठरवलं दवाखान्यात आणायचं. आणि म्हटलं, यंदा हिला विस्तवापुढं उभं करता यायचं नाही. मग मागं राहिलं कोण? मी आणि पोर.

प्रतीक्षा: म्हणून तुम्ही तिला गोळ्या दिल्या?

शारदा: तिची तारीख तिसऱ्या माळेला येते. मी कॅलेंडरवर बघितलं.

प्रतीक्षा: चौदा वर्षांची आहे ती! अजून धड नेमानं येत पण नाही तिला!

शारदा: नवरात्र सरलं की बंद करणारच होते. काही होत नाही गं, मेडिकलवाला म्हणाला, पोरीबाळी पण नेतात.

प्रतीक्षा: मला न विचारता! माझी पोर आहे ती, आई. माझा एक डोळा गेला त्याचं मी काही म्हणाले का तुम्हाला? एक शब्द म्हणाले?

शारदा: नाही म्हणालीस.

प्रतीक्षा: फोन लावा. मला नंबर दिसत नाही. तुम्ही लावा.

शारदा: मला कुठं येतं ते सरकवायचं?

प्रतीक्षा: हिरव्यावर बोट ठेवा, वरच अक्षूचा फोटो असेल. सकाळी एसटीतून तिलाच लावला होता मी. आज शाळेत नाही ना पाठवलं तिला?

शारदा: नाही. म्हटलं, ह्यांच्या जेवणाचं बघेल. थांब, चष्मा लावते. हा बघ, वाजतोय. धर.

प्रतीक्षा: अक्षू? ... हो, इथंच आहोत, दवाखान्यात. ... जेवण राहू दे. आजीनं दिलेली गोळी घेतलीस का दुपारची? ... बघ, घेऊ नको. हातात आहे ना? ठेव खाली. ... ठेवलीस? ... नाही गं बाळा, रागावले नाही. तुझी काय चूक? ... डोकं? कधीपासून दुखतंय?

शारदा: काय म्हणते? डोकं दुखतंय?

प्रतीक्षा: कालपासून म्हणते. ... अक्षू, ऐक. कॅलेंडरापुढं जाऊन उभी रहा. लांबून, दाराजवळून. ... डावा डोळा झाक. तळहातानं, दाबू नको. आता वाच. ... सगळं वाच, मोठ्यानं. ... हं. ... हं. खाली बारीक छापलंय ते? ... तेही दिसतं? कडेचं? चारी कडा दिसतात? ... बरं. आता दुसरा झाक. ... वाच. ... अक्षू? ... गप्प का झालीस? ... अक्षू, ऐकू येतंय का? अक्षू!

शारदा: अरे देवा. काय झालं? बोल की गं!

प्रतीक्षा: ... दूध? उतू जाऊ दे दूध! तू आधी वाच! ... हं. ... हं. ... दिसतंय सगळं? खरं सांग. ... बरं. बरं, आता घे पुसून ओटा. पाणी पी तांब्याभर. ... नाही, मी रडत नाही. डोळ्यांत थेंब घातलेत त्याचं आहे ते. ... ठेव.

शारदा: दोन्हींनी दिसतं ना तिला?

प्रतीक्षा: दिसतं.

शारदा: सगळं?

प्रतीक्षा: सगळं म्हणते. पण मलाही नवमीच्या आदल्या दिवशी सगळं दिसत होतं.

शारदा: असं नको बोलूस. मी काय मुद्दाम केलं का? नातीचं वाईट करेन का मी?

प्रतीक्षा: मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं मला.

डॉक्टर: या वहिनी, आत या. हळू, उंबरा आहे. मावशी, तुम्ही पण या. बसा. हा बघा फोटो. म्हणजे, तुम्हाला आत्ता दिसायचा नाही नीट, मावशी तुम्ही बघा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. हा लाल लाल सडा पडल्यासारखा दिसतो ना वरच्या अंगाला, ते रक्त आहे.

शारदा: रक्त? डोळ्यात?

डॉक्टर: व्हय. पडद्याला रक्त आणणारी एक नळी असते आणि परत नेणारी एक. दोन्ही एकमेकींवरून जातात. BP नं आणणारी नळी कडक झाली, की ती खालच्या नळीला दाबते. तिथं रक्त तुंबतं, गाठ धरतं. पाट बुजल्यावर पाणी कसं रानात पसरतं, तसं ते पडद्यावर पसरलं. त्यामुळं सूज आलीय, आणि सुजेमुळं दिसत नाही. वरच्या भागात झालंय म्हणून यांना खालचं दिसेना.

प्रतीक्षा: पाट पुन्हा मोकळा होतो का?

डॉक्टर: आपण मुख्यतः सूज उतरवतो. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं.

शारदा: डोळ्यात सुई?

डॉक्टर: भूल देऊन. पापणी मिटेपर्यंत होतं मावशी, ऐकायलाच भीती आहे त्याची. एकावर भागत नाही, काही महिने दर महिन्याला एक द्यावं लागेल. पण मला कोडं पडलंय ते वेगळंच. हा पन्नाशी-साठीतला आजार. बिडी ओढणारे, शुगरवाले, BP च्या गोळ्या मधेच सोडून देणारे, ही माझी नेहमीची गिऱ्हाइकं. वहिनी सदतीस वर्षांच्या. शुगर नाही. डोळ्याचा दाब ठीक आहे. BP जास्त आहे, ते एक कारण झालं. पण एवढ्या लवकर? म्हणून मी रक्ताच्या तपासण्या लिहितोय, रक्त गोठण्याचा काही दोष आहे का ते बघायला. घरात कुणाला पायात वगैरे गाठ झाली होती का कधी?

प्रतीक्षा: नाही. डॉक्टर, तुम्ही मघाशी विचारलं होतं ना, गोळ्यांचं.

डॉक्टर: हां. मावशी म्हणाल्या नाहीत म्हणून.

प्रतीक्षा: ते... म्हणजे तसं औषध नाही. बायकांचं असतं. सणावाराला. मला सांगता येत नाही.

डॉक्टर: सांगा की. मी डोळ्याचा असलो तरी डॉक्टरच आहे.

प्रतीक्षा: आई...

शारदा: थांब, मी सांगते. ही बघा, डॉक्टर. ही गोळी घेते ती. मीच देते आणून. मघाशी मी नाही म्हणाले, कारण मला हे औषध वाटलंच नाही. आता तुम्हीच सांगा काय ते.

डॉक्टर: बघू. ... हं. पाळी पुढं ढकलायची. कधीपासून घेताय वहिनी?

प्रतीक्षा: लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षीपासून. आधी फक्त नवरात्रात घ्यायची. मग गौरी आल्या. मग शाकंभरी, चैत्री पौर्णिमा. कुणी मोठे यजमान पूजेला यायचे असले तरी.

डॉक्टर: यंदा?

प्रतीक्षा: श्रावणात दोनदा. गौरीला. आणि आता परवापासून.

डॉक्टर: म्हणजे श्रावणापासून जवळजवळ चालूच. आणि उपास?

शारदा: श्रावणी सोमवार करते, हरतालिका निर्जळी. नवरात्राचे उठता-बसता, पहिला नि शेवटचा दिवस, ते तर असतातच.

डॉक्टर: पाण्याविना, भट्टीपुढं उभं राहून. अरे बापरे.

प्रतीक्षा: यानंच झालं का?

डॉक्टर: यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. ही गोळी लाखो बायका घेतात आणि बहुतेकींना काही होत नाही. पण हिच्यानं रक्त गोठायची ओढ वाढू शकते, आणि ज्यांचं BP वाढलंय त्यांनी ही कुणाला न विचारता घ्यायला नको. तुमचं वाढलेलं होतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यावर ही, त्यावर अंगात पाणी नाही. एकेकटं आलं असतं तर कदाचित निभावलं असतं. सगळी मिळून आली. चूक माझीपण आहे. मी गोळ्या विचारल्या, ही विचारली नाही. आमच्या उमरग्याला पण घेतात बायका, माझ्या बहिणी घेत होत्या. मला सुचायला पाहिजे होतं.

प्रतीक्षा: दुसरा डोळा?

डॉक्टर: तो आज चांगला आहे.

प्रतीक्षा: आजचं नका सांगू. त्यालाही होईल का?

डॉक्टर: खोटं सांगून तुम्हाला घरी पाठवत नाही वहिनी. एका डोळ्याला झालं की दुसऱ्याला व्हायचा धोका इतर माणसांपेक्षा जास्त असतो. जास्त म्हणजे होतंच असं नाही. BP ताब्यात ठेवलं, ही गोळी कायमची सोडली, पाणी पीत राहिलात, तर तो पुष्कळ खाली येतो. ते आपल्या हातात आहे.

प्रतीक्षा: आणि डावा? पहिल्यासारखा होईल?

डॉक्टर: सूज उतरली की बरंच उजळतं. पहिल्यासारखा होईलच, हे आज मला सांगता येत नाही.

शारदा: डॉक्टर, एक विचारू?

डॉक्टर: विचारा ना मावशी.

शारदा: नातीला पण दिली मी. कालपासून. चौदा वर्षांची आहे. डोकं दुखतंय म्हणते. तिच्या डोळ्याला काही... माझ्या हातून पोरीचे डोळे...

डॉक्टर: मावशी, रडू नका. ऐका. दोन-चार गोळ्यांनी धडधाकट पोरीला असं काही होत नाही सहसा. डोकं तर या गोळीनं दुखतंच पुष्कळांना. आजपासून बंद करा. पाळी एक-दोन दिवस मागंपुढं होईल, त्याला भ्यायचं नाही. डोकेदुखी थांबली नाही, किंवा पाय सुजला, दम लागला, दिसायला काही कमी वाटलं, तर लगेच घेऊन या. आणि उद्या-परवा सहज म्हणून आणा तिला, मी डोळे बघून देतो. तुमची झोप तरी लागेल.

शारदा: उद्याच आणते.

डॉक्टर: वहिनींच्या BP साठी वर फिजिशियन बसतात, त्यांच्याकडं जाऊन या. त्यांनी हो म्हटलं तर इंजेक्शन संध्याकाळी देऊ, नाहीतर उद्या. आणि बायकांच्या डॉक्टरलाही एकदा दाखवा, पुढं पाळीचं काय करायचं ते त्या सांगतील.

शारदा: पुढं म्हणजे... आता नवरात्र आलं, डॉक्टर. घट बसायला आठवडा नाही. गोळी बंद म्हणजे हिचं यायचं ते नवरात्रात येणार. घरात सोवळ्याला दुसरं कुणी नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?

डॉक्टर: त्यात मी काय बोलणार, मावशी? पूजेतलं तुम्हाला कळतं. मला डोळ्यातलं कळतं, ते मी सांगितलं.

प्रतीक्षा: चला आई. जिना कुठं आहे?

शारदा: माझा हात धर. ही पायरी. अजून एक. सावकाश. दम लागला मला, इथं कठड्याशी टेकू थोडं.

प्रतीक्षा: आई, मला आता तुमच्यावर ओरडायचंय. एक डोळा राहिलाय माझ्याकडं. पुढं रोज सकाळी उठून मी तो झाकून बघणार, उघडून बघणार, आहे का म्हणून. जन्मभर.

शारदा: ओरड. मी ऐकून घेईन.

प्रतीक्षा: त्यानं काय होणार आहे?

शारदा: काही नाही होणार. पण मी घेईन ऐकून. प्रतीक्षा, मला खरं सांगू का, कशाची भीती वाटते? देवीची वाटतच होती आजवर. विटाळ झाला, ताट चुकलं तर कोपेल म्हणून. मघाशी तू फोनवर पोरीला वाच वाच म्हणत होतीस, आणि ती गप्प झाली ना, तेव्हा जी भीती वाटली तशी देवीची कधी वाटली नव्हती. मला ते सोसवत नाही परत.

प्रतीक्षा: फोन वाजतोय. बघा कुणाचा आहे.

शारदा: अक्षूचाच फोटो आलाय. घे, घे लवकर.

प्रतीक्षा: काय गं? काय होतंय? ... दिसतंय ना? ... बरं. मग? ... आजोबांना तूच वाढलंस? शाब्बास. ... हो, डॉक्टरांना सांगितलं. आजपासून ती गोळी नाही घ्यायची. कधीच नाही. ... मीही नाही घेणार. ... हो, नवरात्रातसुद्धा नाही. ... थांब, मला काय माहीत? आजीला विचारते.

शारदा: काय विचारते?

प्रतीक्षा: विचारतेय, घट बसल्यावर आली तर मी कुठं बसायचं.

शारदा: दे इकडं फोन. ... अक्षू, मी बोलतेय. ... हो. ... हो गं. ... तुझे डोळे शाबूत राहू देत, बाळा. मग बस कुठंही.